कारल्याच्या मांडवाखाली

मला हिरवा रंग आवडत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. मुलाला, सुनेला, नणंदेला, इतकंच काय, बाजारातल्या साडीच्या दुकानदारालासुद्धा. मी दुकानात शिरले की तो हिरव्या साड्या आपणहून बाजूला सारतो आणि वर म्हणतो, "सिस्टरला हिरवं चालत न्हाई." आता लिहायला बसलेच आहे तर आधी हे सांगून टाकते, की मला हिरवा रंग फार आवडतो. लहानपणी माझे दोन्ही परकर हिरवे होते आणि तिसरा मिळाला असता तर तोही मी हिरवाच मागितला असता.

हे सगळं वर आलं ते एका भिंतीमुळे. अंबाजोगाईतलं आमचं घर आम्ही दोघांनी नोकरी करता करता बांधलं. मी सरकारी दवाखान्यात नर्स, हे पाटबंधारे खात्यात कारकून. जेवणाची खोली मागाहून काढली, मुलाचं लग्न ठरलं तेव्हा. सहा खुर्च्यांचं टेबल त्यानंच पुण्याहून पाठवलं. त्या टेबलाशी सहा माणसं एकदम बसल्याचं मला तरी आठवत नाही. हे होते तोवर आम्ही दोघं एका कोपऱ्यात समोरासमोर बसायचो. हे गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी ओट्याशी उभ्यानं जेवते आणि टेबलावर वर्तमानपत्रं, औषधाचा डबा आणि वाळत घातलेले पापड असतात.

त्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला लोणा लागला. खालपासून पोपडे सुटायला लागले, हात लावला की पांढरी पूड हाताला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण आषाढात एकदा मुलानं व्हिडिओ कॉल केला, मी नेमकी पापड गोळा करत होते, आणि त्याला माझ्यामागे ती भिंत दिसली.

"आई, काय अवस्था झालीय भिंतीची. आपण वॉलपेपर लावून घेऊ तिथं. यंदा पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आहे, जोडून सुट्टी आहे. आम्ही तिघं येतो, चार दिवस राहतो. मस्त बसून जेवू."

गेल्या दिवाळीत ते दीड दिवस राहिले होते. त्याच्या आदल्या दिवाळीत एक रात्र. त्यामुळे वॉलपेपरचं मला काही ऐकूच आलं नाही, मी चार दिवस तेवढे ऐकले. लगेच हो म्हणून टाकलं.

शेजारच्या बाईंना मी आनंदानं सांगितलं, वॉलपेपर बदलायचाय. त्या म्हणाल्या, "द्या की हिकडं, माझी सून लगेच करती." मी काही बोलायच्या आत माझा मोबाईल आत गेला आणि बाहेर आला तेव्हा माझ्या नातीच्या फोटोच्या जागी दोन गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ' होतं. मी पुन्हा त्यांच्या दारात जाऊन भिंतीचा वॉलपेपर म्हणजे काय ते समजावलं नाही. आठ दिवस मी त्या गुलाबांकडे बघत होते. नात परत कशी आणायची ते मला येत नव्हतं आणि कुणाला विचारायची लाजही वाटत होती. एकटं राहणाऱ्या माणसाची अडचण असल्या फालतू गोष्टींत असते. मोठ्या गोष्टींना लोक धावून येतात.

मग सुनेनं वॉलपेपरचे चौदा फोटो पाठवले. सून चांगली आहे, सगळं विचारून करते, त्यामुळे तिच्यावर रागावताही येत नाही. खोट्या विटा, खोटा संगमरवर, सोनेरी नक्षी, निळे पक्षी. चौदांतल्या एकाला तिनं बोटानं लाल गोल काढला होता. 'आई, तुम्ही ठरवा, पण आम्हा दोघांना हा फार आवडलाय.' पांढुरक्या जमिनीवर खालपासून वरपर्यंत चढत गेलेला हिरवा वेल. मी चष्मा लावून फोटो मोठा केला. पाच बोटांची कातरलेली पानं, स्प्रिंगसारखे पिळलेले तणावे, मधूनमधून बारकं पिवळं फूल. सुनेनं त्याला कसलंसं इंग्रजी नाव लिहिलं होतं. मला विचाराल तर ते कारलं होतं. फक्त कारली लागायची राहिली होती.

मी उलट एक बदामी रंगाचा, बारीक ठिपक्यांचा निवडून पाठवला. मुलाचं उत्तर आलं, 'आई, हा दवाखान्यासारखा वाटतोय.' आणि थोड्या वेळानं दुसरं, 'तुला हिरव्याचं एवढं काय वाकडं आहे गं?'

काय वाकडं आहे ते तो सोडून आणखी एकाच माणसाला सांगण्यासारखं होतं आणि त्या माणसाला ते आधीपासून माहीत होतं. ते माणूस, म्हणजे हे, आता नाहीत, आणि माझी आई तर त्याच्याही आधी गेली. म्हणजे या जगात मला हिरवं का चालत नाही हे माहीत असलेली मी एकटीच उरले. असं काही ध्यानात आलं की माणूस ओट्याशी उभ्या उभ्या जेवतानासुद्धा थांबतं.

माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात झालं. मुलगी होती. अकरा दिवस जगली. बाराव्या दिवशी बारसं करायचं होतं, म्हणून नाव ठेवायचं राहिलं. कुणाची काही चूक नव्हती. मी स्वतः नर्स, तेवढं मला कळत होतं, आणि कळत असूनही काही उपयोग होत नव्हता. पुन्हा दिवस राहिले तेव्हा माझी आई आष्टीकडून एसटीनं आली, पिशवीत जिवतीचा कागद गुंडाळून. श्रावणात भिंतीला लावतात तो, दोन बाया मांडीवर-खांद्यावर पोरं घेऊन बसलेल्या असतात तो. तिनं तो भाताच्या खळीनं देवाशेजारी चिकटवला आणि मला नेम सांगितले. हिरवं नेसायचं नाही, हिरवी बांगडी नाही, तांदळाचं धुवण ओलांडायचं नाही, कारल्याच्या मांडवाखालून जायचं नाही.

"कावून पण?" मी विचारलं.

"कावून म्हणून इचारू नको. पोर पायजे का न्हाई तुला?"

मी पुन्हा विचारलं नाही. आईनं सांगितलं होतं ते शुक्रवारपुरतं. मी हिरव्याच्या बाबतीत सगळेच वार धरले, म्हणजे वार चुकायची भीती नको. मुलगा पूर्ण दिवसांचा, पावणेतीन किलोचा झाला. त्यानंतर नेम सोडायचं धाडस मला झालं नाही.

याची मला लाज वाटायची, हेही सांगते. दवाखान्यात मी जहाल होते. कोवळ्या पोरांच्या मनगटातले काळे दोरे मी कात्रीनं कापायचे आणि त्यांच्या आयांना झापायचे. "दोऱ्यानं न्हाई वाचत लेकरू, लसीनं वाचतंय." आणि तीच मी शुक्रवारी ऑपरेशन थिएटरची ड्यूटी घ्यायची नाही; नोकरीत सगळे वार धरणं शक्य नव्हतं, आईनं सांगितलेला शुक्रवार तेवढा सांभाळायचे. तिथं सगळंच हिरवं. गाऊन हिरवा, टोपी हिरवी, चादरी हिरव्या. कुणाचीही रविवारची ड्यूटी अंगावर घ्यायचे, पण शुक्रवारी थिएटर नको. बाकीच्या सिस्टर म्हणायच्या, ही बाई कामचुकार नाही, पण शुक्रवारी हिला काय होतं कोण जाणे. संध्याकाळी हे विचारायचे, "झाली का अदलाबदली?" आणि गालात हसायचे. त्यांनी कधी थट्टा केली नाही. घराच्या कुंपणावर कारल्याचा वेल आपोआप उगवला तर माझ्या नजरेला पडायच्या आत उपटून टाकायचे.

मुलाला मी सांगितलं नाही. आधी तो लहान होता, मग मोठा झाला. पहिलं लेकरू अकरा दिवसांचं गेलं हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही, आणि ते सांगायला मी कितीदा तोंड उघडलं, पण दर वेळी कुकरची शिट्टी व्हायची नाहीतर त्याला उशीर झालेला असायचा. त्याच्या पहिल्या पगाराची गोष्ट तेव्हाचीच. त्यानं माझ्यासाठी साडी आणली. त्याला वाटलं, आईकडे सगळे रंग आहेत, हिरवाच नाही, म्हणून मुद्दाम शोधून गर्द हिरवी, लाल काठांची आणली. साडी इतकी सुंदर होती की मी घडीवरून हात फिरवून तो हात बराच वेळ तसाच ठेवला. आणि म्हणाले, "मला हिरवा आवडत न्हाई रे, तुला माहीत हाय ना." साडी नणंदेला देऊन टाकली. घरात ठेवायचीही मला भीती वाटली. त्यानंतर त्यानं मला मिक्सर आणला, फोन आणला, टेबल आणलं, पण साडी पुन्हा कधी आणली नाही. त्याच्या 'वाकडं काय' मधे ती साडी होती, हे मला वाचल्यावाचल्या कळलं.

तीन दिवस मी त्या चौदा फोटोंमधे वरखाली करत होते. शेवटी माझ्या मनानं एक वाट काढली. नेम कशासाठी असतो? लेकरू सुखरूप राहावं म्हणून. लेकरू नजरेआड असतं तेव्हा ते सगळं सांभाळायचं. जिवतीच्या पूजेतही पोर समोर असेल तर त्याला ओवाळतात आणि परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकतात, की असशील तिथं खुशाल राहा. मग तो पंधरा ऑगस्टला त्या टेबलाशी माझ्यासमोर बसणार असेल, तर त्या दिवशी कसला मांडव आणि कसलं कारलं? समोर बसलेल्या मुलाला मी ओवाळीन आणि त्याच्या पसंतीच्या वेलाखाली त्याच्या बरोबर पुरणपोळी खाईन. बाकीच्या शुक्रवारी त्या खोलीचं दार ओढून घ्यायचं. नाहीतरी मला तिथं काय काम असतं. साडीची भरपाई भिंतीनं होईल असं मला वाटलं. मी लिहिलं, 'तोच हिरवा लावू.' त्यानं एकापाठोपाठ सहा हसरे चेहरे पाठवले.

वॉलपेपर लावणारा लातूरहून आला. पन्नाशीचा, बोलका माणूस. भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, "मावशी, लोणा लई हाय. आधी खरवडावं लागंल, पुट्टी, प्रायमर, मग कागद. न्हाईतर चार महिन्यांत फुगंल."

"खरवडा मग," मी म्हटलं.

दोन दिवस घरात पांढरी धूळ आणि त्याच्या गप्पा. खरं सांगते, ते दोन दिवस मला फार बरे गेले. मी त्याला तीन वेळा चहा दिला, तो दोनदाच मागत होता. स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला तेव्हा त्याला देवाशेजारचा जिवतीचा कागद दिसला. "ह्यो बी वॉलपेपरच की, मावशी," तो म्हणाला. "आमच्या आईनं लावला तवा कुणी प्रायमर मारला नव्हता." मी हसले. हे गेल्यावर नणंद म्हणाली होती, आता जिवती कशाला लावतेस. मी तिला सांगितलं होतं, जिवती लेकरासाठी असती, नवऱ्यासाठी न्हाई.

तिसऱ्या दिवशी कागद लागला. त्यानं पट्ट्या इतक्या नीट जुळवल्या की एका पट्टीवरचं अर्धं पान दुसरीवरच्या अर्ध्याला बरोबर जाऊन मिळालं. मग तो चार पावलं मागे आला आणि मान वाकडी करून बघत राहिला.

"मावशी, एक बोलू का? कारल्याचाच येल वाटतोय ह्यो."

"आयव्ही हाय ते," मी म्हटलं. सुनेनं लिहिलेलं नाव ऐन वेळी आठवलं.

"असंल," तो म्हणाला. "पर आमच्याकडं याला कारलंच म्हणतेत."

तो गेल्यावर मी टेबल रिकामं केलं. औषधाचा डबा हलवला, पापड गच्चीवर नेले, सहा खुर्च्या पुसल्या. खोली सुरेख दिसत होती, उगाच नाही म्हणणार नाही. दिवस मंगळवार होता, तरी मी तिथं बसले नाही. पहिल्यांदा त्याच्याबरोबरच बसायचं असं ठरवलं होतं. बुधवारी चण्याची डाळ निवडली, गूळ चिरून ठेवला. नातीला पुरण आवडत नाही म्हणून तिच्यासाठी शंकरपाळे केले.

गुरुवारी संध्याकाळी फोन आला. त्याच्या मित्रांनी कोकणात बुकिंग करून ठेवलं होतं, म्हणे खूप आधीच, हाच विसरला होता. चार कुटुंबं, त्यांची मुलं, आता नाही कसं म्हणायचं. ताम्हिणी घाटातून जाणार होते. "आई, दिवाळीला नक्की. आणि तेव्हा जास्त दिवस राहू." सुनेनंही फोन घेऊन दोनदा सॉरी म्हटलं. मी म्हणाले, "बरं बरं, जाऊन या. घाटात गाडी हळू चालवा." फोन ठेवल्यावर मला राग आला. रडू मागाहून आलं, आधी रागच आला. चूक कुणाची म्हणावी तर कुणाचीच नव्हती, आणि अशा वेळी रागाला जागाच नसते. मी गूळ झाकून ठेवला.

शुक्रवारी पुरण मात्र घातलं. जिवतीला आघाड्याची, दूर्वांची माळ घातली, कापसाचं वस्त्र लावलं, दिवा लावला, नैवेद्य दाखवला. ओवाळायला समोर कुणी नव्हतं, म्हणून अक्षता घेतल्या. पूर्वेला टाकल्या, दक्षिणेला टाकल्या, उत्तरेला टाकल्या. पुणं आमच्या पश्चिमेला, घाट त्याच्याही पश्चिमेला, म्हणून मूठभर अक्षता दर वर्षी मी तिकडे जास्त टाकते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून टाकल्या. त्या जेवणाच्या खोलीतून थेट जाऊन त्या भिंतीवर आपटल्या, वेलावरून घरंगळल्या आणि खाली फरशीवर पसरल्या. मी आत जाऊन गोळा केल्या नाहीत. मुलगा घाटात होता. कागदाचा असला तरी मांडव तो मांडव, आणि त्या दिवशी मला स्वतःशी वाद घालायचा नव्हता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे दोरे कापणारी बाई मी, नव्या कोऱ्या खोलीच्या दारात पाय अडकल्यासारखी उभी होते.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. घाटात कुठंतरी कणसाच्या गाडीपाशी थांबले होते. त्याच्या केसांवर पाण्याचे थेंब होते, मागे धुकं, वळणावरून एक ट्रक दिवे लावून खाली येत होता. नात कणीस खात होती, तिनं ते मला दाखवलं.

"आई, वॉलपेपर दाखव ना. लागल्यापासून नीट बघितलाच नाही. आणि तू बस तिथं, मधल्या खुर्चीवर. तुझा फोटो काढतो त्या हिरव्यात. माझ्याकडे तुझा हिरव्यातला एकसुद्धा फोटो नाही."

सांगायचं तर ती वेळ होती. पण तो घाटात उभा होता, मागून गाड्या जात होत्या, आणि अकरा दिवसांच्या बहिणीची गोष्ट घाटात उभ्या असलेल्या माणसाला सांगत नाहीत. मी उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले. फोन उलटा फिरवला, हात होईल तितका लांब केला आणि त्याला भिंत दाखवली. खालून वर, मग डावीकडून उजवीकडे. हात दुखायला लागला तरी धरून ठेवला.

"वा, काय सुंदर दिसतंय गं," तो म्हणाला. सून पण काहीतरी म्हणाली. मग तो फोन डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागला.

"पण आई, यात तू कुठं दिसत नाहीस."

"मी इथंच आहे," मी म्हटलं. "तू गाडी हळू चालव."